वहिनी आधी निघतात

अंजू, वहिनी गेल्या. नक्की कधी गेल्या ते मला सांगता यायचं नाही, कारण जुलैच्या शेवटी तू गेलीस आणि त्यानंतर मी तिकडे फिरकलेच नव्हते. परवाच्या शनिवारी गेले, तेव्हा खांबावरच्या घरट्यात दोन पिल्लं ओरडत होती, शेजारच्या वाळक्या झाडावर भाऊसाहेब बसले होते आणि वहिनींचा पत्ता नव्हता. या खेपेला मी घाबरून कुणाला फोन केला नाही आणि कुणाच्या नावाने घासही ठेवला नाही. एवढी तरी सुधारणा आहे.

पहिल्या वर्षीचा आपला तमाशा तुला आठवत असेलच. इरा तेव्हा दुसरी-तिसरीत होती. तिच्या शाळेची सहल त्या पक्षी-अभयारण्यात गेली, पालक म्हणून तू सोबत गेलीस आणि परत आल्या आल्या मला म्हणालीस, "वैशू, शनिवारी चल. तुला एक संसार दाखवते." आपल्या एडिसनहून पार्कवेच्या हायवेने तासभर दक्षिणेला, मग खाडी, खारट वासाचं गवत आणि त्या गवतात रोवलेला एक उंच खांब. खांबाच्या टोकाला लाकडी फळी आणि फळीवर काटक्यांचा हा एवढा ढीग. त्यात ऑस्प्रे पक्ष्यांचं कुटुंब. ते नाव काही तुला पटलं नाही. "घार आहे, मासे खाते, झालं," म्हणालीस. नर न बोलता येतो, मासा टाकतो आणि लगेच बाहेर पडतो, अगदी तुझ्या थोरल्या दिरांसारखा, म्हणून तो झाला भाऊसाहेब. मग घरट्यात ठाण मांडून बसलेली ती आपोआपच वहिनी झाली. दर वर्षी तीच जोडी यायची की मधे कुणी बदललं, देव जाणे. आपण नावं बदलली नाहीत.

मी नागपूरची, वरणभातावर वाढलेली. मासा दिसला की मान फिरवणारी. आणि माझ्या शेजारी तू, मालवणची, डोळ्याला दुर्बीण लावून घारीच्या पंज्यातला मासा पारखणारी. "बांगडा नाही, पण बरा आहे. ताजा आहे बघ, अजून फडफडतोय." भाऊसाहेब आधी झाडावर बसून माशाचं डोकं स्वतः खायचे आणि उरलेला मासा पोरांना न्यायचे, त्याचा मला फार राग यायचा. तू मात्र हसायचीस. "अगं, डोकं म्हणजे सगळ्यात चवीचं. आमच्याकडे ते बाबांच्याच पानात पडायचं. हा बुवा मालवणचाच आहे." असे आपले शनिवार गेले. लोक एवढ्या लांब पक्षी बघायला येतात आणि गप्प बसतात. आपल्याला ते कधी जमलं नाही.

तर त्या पहिल्या वर्षी ऑगस्ट संपत आला आणि वहिनी दिसेनाशा झाल्या. एका शनिवारी नाहीत, पुढच्या शनिवारीही नाहीत. पिल्लं उडायला लागली होती, पण परत घरट्यात येऊन भुकेने गळा काढायची. भाऊसाहेब एकटे मासे वाहत होते. तू आठवडाभर लॅबमधून मला फोन करत होतीस. विजेच्या तारेला चिकटली असेल, कुणाच्या जाळ्यात अडकली असेल, एक ना दोन. शेवटी आपण दोघींनी मिळून वहिनींना मारून टाकलं. त्यानंतरच्या शनिवारी तू डब्यातून सुरमईची तुकडी आणि पोळीचा चतकोर काढलास, लाकडी कठड्यावर ठेवलास, घरट्याकडे तोंड केलंस आणि हात जोडलेस. मी म्हटलं, "अगं, इथे कावळा कुठाय?" तू म्हणालीस, "जो येईल तो." सीगल आला. त्याने सुरमई उचलली, पोळी खाली पाडली आणि मागून टोपी सावरत बार्बरा धावत आली.

बार्बराला तू किती गंभीर चेहऱ्याने सांगितलंस, "द मदर इज डेड." ती आधी दचकली, मग तिला हसू आवरेना. निवृत्त शिक्षिका ती, तिथे हौसेने काम करणारी. तिने आपल्या दोघींच्या खांद्यांवर हात ठेवले. "डेड? ओ नो, हनी. शी लेफ्ट. मदर्स लीव्ह फर्स्ट. डॅड स्टेज अँड फीड्स द किड्स." उन्हाळा संपत आला की आई आधी दक्षिणेला निघते, बाप मागे राहून पोरांना भरवतो, पोरं आपापली मासे धरायला लागली आणि निघून गेली की तो सगळ्यांत शेवटी जातो. हे सगळं तिने तिच्या दुर्बिणीशेजारी उभं राहून नीट समजावलं. आणि पक्ष्यांना काही खायला घालू नका, हेही.

तुझा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. मेली असं वाटत होतं तोवर वहिनींना सुरमई, आणि जिवंत निघाली म्हटल्यावर शिव्या. "अशी कशी गेली? पोरं अजून ओरडतायत आणि ही निघाली?" मी वहिनींची बाजू घेतली. बाई वसंतापासून त्या काटक्यांवर बसलेली, ऊन म्हणू नको, पाऊस म्हणू नको. पंख पसरून पोरांवर सावली धरून धरून तिचे खांदे गेले असतील. आता पोरांना पंख आलेत, बाप धडधाकट आहे, जाऊ दे की तिला. तू ऐकायला तयार नव्हतीस. परतीच्या वाटेवर टोलनाका आला तरी आपलं चालूच होतं, आणि मग दर ऑगस्टला तोच वाद नव्याने. कधी कधी मला वाटतं, आपण पक्ष्यांसाठी जात नव्हतोच, त्या भांडणासाठी जात होतो.

एकदा मात्र तू मला बरोबर धरलंस. माझा निखिल तेव्हा कॉलेजला होता आणि मी दर महिन्याला बर्फाच्या पेटीत गोठवलेल्या पोळ्या घालून त्याच्या हॉस्टेलपर्यंत गाडी हाकत होते. तो "आई, आय हॅव अ मील प्लॅन" म्हणून कंटाळला होता. तू म्हणालीस, "तू तोंडाने वहिनींच्या बाजूची आहेस वैशू, पण हाताने पक्की भाऊसाहेब." पुढच्या महिन्यात मी पुन्हा पोळ्या घेऊन गेलेच.

आपला डबा तेव्हापासूनचाच. स्टीलचा, उभट, झाकण दुसऱ्याच कुठल्या तरी डब्याचं. मूळचा तुझा की माझा, हे दोघींनाही सांगता आलं नसतं. या घरातून त्या घरात फिरत राहिला आणि कधी रिकामा फिरला नाही. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, हे आपल्याला कुणी शिकवलं नाही, ते आपल्या आयांनी नुसतं केलं. मी भरली वांगी पाठवायची, तू त्यात सोलकढी नाहीतर काळ्या वाटाण्यांची उसळ भरायचीस. घाईत असलीस तर गराजमधल्या कुंडीतली कढीपत्त्याची डहाळी. केमोच्या दिवसांत, ओट्याशी उभं राहवत नव्हतं तेव्हाही, डब्यात चार बेदाणे खुळखुळत यायचे. एकदा नुसती चिमूटभर साखर होती. मी ती दारातच बोटाने चाटून टाकली.

जूनमध्ये आपण शेवटचं गेलो. सतीशने तुला कठड्यापर्यंत आणून खुर्चीत बसवलं आणि तुझा नवरा तो, शहाण्यासारखा फेरफटका मारायला निघून गेला. टोपीखाली तुझा चेहरा केवढासा झाला होता. घरट्यात पिल्लांची डोकी नुकती दिसायला लागली होती आणि वहिनी त्यांच्यावर पंख धरून बसल्या होत्या. तू बराच वेळ बघत राहिलीस.

"ऑगस्टमध्ये जाईल ही," म्हणालीस.

"जाऊ दे की," मी सवयीने म्हणाले, आणि जीभ चावली.

"जाऊ दे. जाण्याबद्दल आता माझं काही म्हणणं नाही. पण जायच्या आधी काहीतरी शिकवून जायला नको? नुसतं उठायचं आणि निघायचं?"

"भाऊसाहेबांना मासे आणता येतात, अंजू."

"सतीशला चहा येतो."

मी म्हटलं, "मी आहे ना."

"तेच तर," म्हणालीस. "तू आहेस म्हणून ते दोघं कधी शिकणार नाहीत. दोन आठवडे दे डबा, मग बंद कर. कबूल?"

मी थर्मासचं झाकण काढून चहा ओतत बसले. कबूल म्हटलं नाही. तू ते पाहिलंस आणि पुन्हा विचारलं नाहीस. मला खरं म्हणजे डब्याबद्दल काहीच बोलायचं नव्हतं. मला म्हणायचं होतं, जाऊ नकोस. पण इतकी वर्षं वहिनींच्या बाजूने भांडल्यावर तेच तोंडातून कसं काढायचं, हे मला कळेना. ते राहूनच गेलं.

तू गेल्यावर काय झालं ते ऐक, तुला मजा वाटेल. मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी डब्यांच्या पाळ्या लावल्या आणि तासाभरात सगळ्या भरल्या. पण काय पाठवायचं ते कुणी कुणाला विचारलं नाही. दुःखाच्या घरी पिठलंभात, हे पुणेकरांना माहीत, मुंबईकरांना माहीत, आम्हां नागपूरकरांना माहीत. त्यामुळे तुझ्या घरी सकाळी पिठलं, संध्याकाळी पिठलं, फ्रिजमध्ये कालचं पिठलं. तेराव्याला गोडाचं आलं तेव्हा इरा एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसली. "थँक गॉड, इट्स नॉट यलो," म्हणाली.

तेराव्यानंतर पाळ्या संपल्या. माझा डबा संपला नाही. तू सांगितलेले दोन आठवडे झाले, मी चालूच ठेवला. दिवसाआड ऑफिसातून परस्पर तुमच्याकडे जायचं, भाजी-पोळी द्यायची आणि आदला डबा घेऊन यायचा. आणि अंजू, तो डबा रिकामा यायचा. लख्ख घासलेला, पुसून कोरडा केलेला आणि रिकामा. पहिल्यांदा तो असा हातात आला तेव्हा मी तुमच्या ड्राइव्हवेमध्ये गाडीत बसून झाकण उघडलं आणि खूप रडले. तुझ्या घरातून मला असा डबा कधी आला नव्हता. तू नाहीस, हे मला दवाखान्यात नाही कळलं, तिथे कळलं. सतीशचा रागही आला. बाप्याला कसं कळणार, म्हटलं, पण पोरीला तरी? घरात चार दाणे साखर नाही? मग स्वतःचाच राग आला आणि पुढच्या डब्यात मी आणखी जास्त भाजी भरली.

हेमंतने एकदा विचारलं, "हे किती दिवस चालणार?" मी त्याला म्हटलं, "तुझं जेवण वेळेवर मिळतंय ना?" नवरा बिचारा, ताट उचलून टीव्हीसमोर जाऊन बसला. खरं उत्तर असं होतं की तुझ्या दाराशी जायला माझ्याकडे तेवढं एकच कारण उरलं होतं.

परवा जायचं सतीशनेच काढलं. इराने गाडी चालवली. लायसन्स मिळाल्यापासून ती कुणाला चालवू देत नाही, आणि पार्कवेवर अशी सुटते की मी सगळा वेळ दाराची कडी धरून होते. खाडीकाठचं गवत वरून पिवळं व्हायला लागलंय. चावऱ्या माशा संपल्यात. बार्बरा भेटली. तिला कळलं होतं. तिने मला मिठी मारली, मग इराला दुर्बिणीशी नेऊन म्हणाली की वहिनी केव्हाच गेल्या, एक पिल्लूही गेलं, उरलेली दोन अजून घरटं सोडत नाहीत.

ती दोघं किंचाळत होती. भाऊसाहेब खाडीवर गेले, घिरट्या घातल्या, एकदम खाली पाण्यात पडले आणि मासा घेऊन वर आले. पोरांचा गलका वाढला. आणि भाऊसाहेब घरट्यावरून सरळ निघून गेले, वाळक्या झाडावर बसले आणि मासा खायला लागले. डोकं खाल्लं. मी म्हटलं, आता उरलेला नेतील. नेला नाही. पोरांच्या डोळ्यांदेखत शेपटीपर्यंत सगळा मासा स्वतःच खाल्ला.

"हा काय प्रकार आहे?" मी जवळजवळ ओरडलेच. "पोरं उपाशी आहेत ना!"

"उपाशी असतील तरच उठतील," सतीश म्हणाला. शांतपणे, खांबाकडे बघत. मी त्याच्याकडे असं काही बघितलं की तो दोन पावलं सरकला.

पण त्याचं खरं झालं. थोड्या वेळाने एक पिल्लू उठलं, पाण्यावर गेलं आणि दाणकन आपटलं. मोकळ्या पंज्याने वर आलं. पंख झटकले आणि पुन्हा गेलं. त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं, बार्बरा म्हणाली, शिकवत नाहीतच ते. मी कठडा घट्ट धरून उभी होते. मासा त्याला मिळालाच नाही, पण ते ओरडायला घरट्यात परत आलं नाही. पलीकडच्या ओंडक्यावर भिजलेलं बसून पाण्याकडे बघत राहिलं.

मग जेवायला बसलो. मी पिशवीतून पोळी-भाजी काढायला लागले तर सतीश म्हणाला, "थांब," आणि आपला तो उभट डबा माझ्यासमोर ठेवला. जड होता. मी झाकण उघडलं. आत कुळथाची पिठी.

तुझी पिठी, अंजू. फ्रीझरमध्ये तू मालवणहून आणलेलं कुळथाचं पीठ होतं, ते त्यांनी काढलं होतं. हिला मी इतकी वर्षं चिखल म्हणत आले आणि तू माझ्या पिठल्याला हळदीचं पाणी. गुठळ्या होत्या. कोकम बेसुमार पडलं होतं, लसूण एका बाजूला करपला होता. सोबत ब्रेडचे स्लाइस, कारण भाकरी अजून जमत नाही.

"तिसऱ्यांदा केली," सतीश म्हणाला. "पहिल्या दोन टाकून दिल्या."

"फोर," इरा म्हणाली. "बाबा, यू आर नॉट काउंटिंग द फायर अलार्म वन."

मी भलतंच बोलले. म्हटलं, "एवढे दिवस रिकामा डबा देत होतात, आणि आज हे?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. इरा म्हणाली, "मावशी, आईने सांगितलं होतं."

"काय?"

"स्टोअरमधलं काही घालून मावशीला द्यायचं नाही. नो चीटिंग. स्वतः काही बनवलं, देन ओन्ली."

सतीश खाली बघत म्हणाला, "म्हणाली, तोवर रिकामाच जाऊ दे. वैशूला राग येईल. येऊ दे, म्हणाली."

"शी सेड यू वुड बी सो मॅड," इरा म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली. मग मीही.

म्हणजे ते तुझंच काम. मी तुमच्या ड्राइव्हवेमध्ये बसून ज्या डब्यांवर रडले, ते तूच पाठवत होतीस. माझ्याकडून कबूल करून घेता आलं नाही, तेव्हा तू दुसऱ्या बाजूने आलीस. शिकवून गेलीस, आणि फक्त त्या दोघांनाच नाही. मी पिठी खाल्ली. आंबट ढाण होती. डब्याच्या तळाला ब्रेड फिरवून सगळी पुसून खाल्ली आणि मनापासून तुला शिव्या दिल्या.

डबा माझ्याकडे आला. सोमवारी हात आपोआप वांगी चिरायला गेला, मी हेमंतसाठी केली. डबा ओट्यावर होता, त्याकडे बघितलं नाही. बुधवारी गाडी तुमच्या वळणाशी हळू केली आणि तशीच पुढे आले. जड गेलं, अंजू. भाऊसाहेबांना तो मासा घशाखाली कसा उतरला असेल, ते मला आता विचार.

आज संध्याकाळी सतीशचा मेसेज आला. "वैशाली, डबा आणून देशील का? इरा काळ्या वाटाण्यांची उसळ करतेय. तुझ्यासाठी भरायचीये."

मी डबा घेतला. सवयीने फ्रिज उघडला, काल केलेल्या नारळाच्या वड्या समोरच होत्या. हात पुढे गेला. मग फ्रिज बंद केला, झाकण लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा, तुझ्या दारात, मी रिकामा डबा घेऊन गेले.